जुन्नरहून घोडेगावला, वडिलांच्या सायकलीवरून

वडिलांची सायकल अनेक वर्षे आमच्या जुन्नरच्या घरी ओसरीवर उभी होती. गेल्या कार्तिकात ती घोडेगावच्या भाच्याला द्यायचे ठरले. त्याला महाविद्यालयात जाण्यासाठी हवी होती. टेम्पोत टाकून पाठविता आली असती. परंतु उधारीच्या वसुलीसाठी वडील ज्या रस्त्याने जात, त्याच रस्त्याने ती एकदा आपण चालवीत न्यावी, असे मनात आले. चाकांत हवा भरली, साखळीला तेल दिले, ब्रेकचे रबर बदलले. हँडल किंचित खिळखिळे वाटत होते, म्हणून वरचा नट पान्याने अर्धा फेरा आवळला. वडीलही असेच करीत.

पहाटे निघालो तेव्हा शिवनेरीचा कातळ धुक्यातून नुकता वर येत होता. शहराच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर आहे. तेथील लेणी मूळची बौद्ध. त्यांतील एका समूहास मात्र लोक अंबिका म्हणतात, आणि अंबिका हे भगवान नेमिनाथांच्या यक्षीचे नाव. लहानपणी वडिलांच्या पुढे दांडीवर बसून जाताना तिकडे पाहून हात जोडायचे, एवढे आठवते.

या मुलखाची रचना सायकलवाल्यालाच नीट कळते. उत्तरेकडून दक्षिणेकडे कुकडी, मीना आणि घोड अशी तीन खोरी एकापुढे एक पसरली आहेत, आणि मध्ये सह्याद्रीच्या सोंडा. म्हणजे चढा, उतरा, पुन्हा चढा. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे, पण पाय त्याचा वेगळाच हिशेब मांडतात.

मीनेच्या खोऱ्यात उतरतानाच तळहाताखाली टक्‌टक् सुरू झाली. प्रत्येक खड्ड्याला एक ठोका. कांद्याच्या शेताकडेला थांबलो. पुढचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल मागेपुढे हलवून पाहिली. चिमटा जिथे सांगाड्यात शिरतो, त्या फटीवर बोट ठेवले, तर वाटी आणि सांगाडा यांच्यातील हालचाल बोटाला स्पष्ट लागली. नट पुन्हा आवळला. दोन किलोमीटर बरे गेले.

पुढची सोंड ओलांडून घोडेच्या खोऱ्याकडे उतरू लागलो आणि वेग वाढताच हँडल थरथरू लागले. ब्रेक दाबावा तर थरथर अधिक. उसाने भरलेला ट्रॅक्टर समोरून येत होता. कसाबसा कडेच्या मातीत उतरलो. उरलेला उतार मी सायकल हाती धरून चाललो, आणि चालताना एकच विचार मनात होता: याच उतारावर, याच सायकलीवर माझ्या जागी भाचा असता तर?

घोडेगावात शिरल्यावर बहिणीच्या घरी न जाता आधी सायकलीच्या दुकानी गेलो. (तालुक्याचे नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावी, आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली, परक्या माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो.) मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी पुढचे चाक उचलून हँडल हळूच फिरविले. मधोमध येताच ते खाचेत बसल्यासारखे अडले.

“शेठ, नट आवळून हे जायचं नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी जे उलगडून दाखविले, ते मला पन्नाशी उलटल्यावर प्रथमच समजले. वरचा नट हा केवळ पहारेकरी. ढिलेपणा काढावयाचा तो त्याखालच्या आट्यांच्या वाटीने. आधी नट सैल करावयाचा, वाटी हाताने खाली फिरवीत हालचाल जेमतेम संपेपर्यंत आणावयाची, आणि ती तशीच धरून नट घट्ट करावयाचा. वाटी न हलविता नुसता नट आवळला, तर ढिलेपणा होता तेथेच राहतो. उलट वाटी फार आवळली, तर छर्रे दाबले जाऊन हँडल जड होते.

आमच्या सायकलीत तेही पुरेसे नव्हते. चिमटा खाली काढला तेव्हा ग्रीसचे काळे डांबर झालेले, काही छर्रे गहाळ. खालच्या वाटीत ओळीने बारीक खळगे पडले होते. सारा भार आणि पुढच्या चाकाने उडविलेले पाणी-माती या वाटीच्याच वाट्याला. शिवाय हँडल जन्मभर बहुतेक सरळच राहते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच त्या ठिकाणी बसतो. वडिलांच्या फेऱ्या तिथे मोजून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. मी ती वाटी बराच वेळ हातात धरून बसलो.

नवा सेट घेताना मिस्त्रींनी जुनी वाटी शेजारी ठेवून आटे जुळवून पाहिले. सगळ्या सायकलींचे आटे सारखे नसतात. छर्रेही त्यांनी नवेच टाकले. मागच्या चाकातले पाव इंची येथे चालत नाहीत. हे ५/३२ इंची. लाकडाचा ठोकळा ठेवून वाट्या सरळ ठोकल्या, ग्रीस भरले, आणि शेवटी पुढचे चाक उचलून सोडून दिले. हँडल आपल्या वजनाने अलगद एका बाजूला वळले. ब्रेक दाबून हलविली, टक् नाही.

तेवढ्यात भाचा येऊन पोहोचला. मिस्त्रींनी त्याला बजावले, “आठ दिवसांनी एकदा घेऊन ये. नव्या वाट्या बसल्या की थोडं ढिलं होतं.”

“आणि नाही आणली तर?”

“तर मामांना विचार, उतारावर काय झालं ते.”

जुनी वाटी खिशात टाकून मी जुन्नरच्या एस. टी.ची वाट पाहत थांब्यावर उभा राहिलो.