बॉल हलला की खेळ चालू

कबड्डीत अंगठा बाहेरच्या रेषेपलीकडे टेकला की गडी बाद, हे शाळेपासून अंगात मुरलेलं. फुटबॉलमध्ये मात्र निम्मा बॉल गोलरेषेबाहेर गेलेला आणि सगळ्याजणी खेळतच होत्या. इथे अख्खा बॉल रेषेपलीकडे जावा लागतो, जमिनीवरून किंवा हवेतून. गोल न होता तो तसा गेला आणि शेवटचा स्पर्श समोरच्या संघाचा असला तर आपल्याला गोलकिक, आपला असला तर त्यांना कॉर्नर. एवढं डोक्यात बसेपर्यंतच पहिली संध्याकाळ सरली.

सुकती लागली की आम्ही मुली भाट्याच्या पुळणीवर खेळतो. ओली वाळू घट्ट असते, रेषा आखता येतात. सरांनी मला बॅकला घेतलं आणि गोलकिकच्या वेळी थेट मोठ्या डीत, गोलकीपरपासून चार पावलांवर उभं केलं. माझ्या पोटात गोळाच आला. आपल्याच गोलसमोर बॉल घ्यायचा? लाथ मारून लांब का घालवायचा नाही?

"त्या कुठे उभ्या आहेत बघ," सर म्हणाले.

समोरच्या सगळ्या डीबाहेर होत्या. नियमच तसा आहे. बॉल लहान चौकोनात, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटरच्या आत, कुठेही ठेवायचा. तो स्थिर हवा. आणि किक बसेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांनी साडेसोळा मीटरच्या मोठ्या चौकोनाबाहेर थांबायचं. आपल्याला आत उभं राहायला मनाई नाही. 2019 पूर्वी बॉल मोठ्या डीबाहेर पडल्याशिवाय खेळ सुरूच होत नसे. आत कुणी तो घेतला तर किक पुन्हा. आता बॉल मारला आणि स्पष्ट हलला की खेळ चालू.

या बदलाचं मोल मला मैदानावरच कळलं. "घे गो, मोकळी आहेस!" गोलकीपर ओरडली आणि बॉल पायात आला. समोरच्या दोघी माझ्याकडे धावत सुटल्या, आणि त्या धावल्या म्हणूनच त्यांच्यामागे आमची मधली मुलगी एकटी उरली. त्यांना बोलावून घ्यायचं आणि त्यांनी सोडलेल्या जागेत बॉल द्यायचा, हा सगळा डाव. गोलकिक ही खेळातली विश्रांती नाही. इतकी शांतपणे मांडणी करायला मिळते अशी दुसरी वेळ सामन्यात क्वचितच येते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

घाबरून बॉल गोलकीपरकडे परत दिला तर तिला तो हातात घेता येत नाही, पायानेच खेळावा लागतो. मुद्दाम पायाने दिलेल्या बॉलसाठी हा नियम 1992 पासून आहे. तिनेही किक मारल्यावर दुसऱ्या कुणाचा स्पर्श होण्याआधी पुन्हा बॉलला पाय लावायचा नाही, नाहीतर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक.

लांब किकचंही शास्त्र आहे. गोलकिकवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही! हे ऐकून मी पुन्हा गोंधळले, कारण ऑफसाइड नुकता कुठे समजू लागला होता. आपली फॉरवर्ड त्यांच्या शेवटच्या बॅकच्याही पुढे जाऊन उभी राहू शकते. मग त्या बॅकना निर्धास्तपणे पुढे सरकता येत नाही, मैदान लांब होतं आणि मध्ये जागा सापडते. तिथून पुढच्या पासला मात्र ऑफसाइड लागू.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना पाहिला, तेव्हा माझी नजर किक मारणाऱ्यापेक्षा बॉल पडणार तिथे जास्त होती. एकजण डोकं लावायला उडी घेतो आणि बाकीचे खाली पडणाऱ्या बॉलसाठी आधीच धावत असतात. आंधळी लाथ वेगळी आणि ही वेगळी.

भाट्याला मात्र दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटतो. उत्तरेकडे तोंड असलं की उंच किक अंग टाकते आणि मध्यावरच, बहुतेक त्यांच्याच पायात पडते. त्या बाजूला आम्ही बॉल जवळच खेळवतो. बाजू बदलली की लांब.

आता समोरच्याही शहाण्या झाल्या आहेत. डीच्या रेषेवर आमच्या प्रत्येकीसमोर एक उभी करतात. सर म्हणतात, त्यांनी इतक्या जणी पुढे आणल्या तर मागे कमी उरतात, तिथे बघ. मी बघते, पण तोवर ती रेषेवरची पोर माझ्या पायाशी पोचलेली असते. पहिला स्पर्श कुठल्या दिशेला घ्यायचा, सध्या तेवढंच घोटते आहे.