व्हिएतनाममधील 'चाय'

राजूरहून निघताना नातलगांचा आग्रह होता की, जैन स्वयंपाकी सोबत नेणाऱ्या सहलीतूनच जावे. आम्ही दोघेच निघालो. हनोईत खाकरे नि फळांवर दिवस काढले. तेथे भाजीतही माशांपासून केलेला 'नुओक माम' पडतो. सौ.चा चौविहार, आणि डिसेंबरात सूर्यास्त साडेपाचच्या आतच. तिसऱ्या दिवशी बस रखडली, सौ.ने उपाशीपोटी रात्र काढली आणि माझ्याशी अबोला धरला.

ह्यू शहरात 'चाय' ही पाटी दिसली. चहा नव्हे, शाकाहार! अनेक बौद्ध कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तो पाळतात. भिक्षू तर कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. गाजर मात्र त्यांना चालते. ते नको, हे मी कागदावर चित्र काढून सांगितले. चित्र पाहून सौ. हसली, म्हणाली, "भात थोडा जास्त सांगा."