सोलोचा क्रम आणि घडीचं पुस्तक

गेल्या गुरुपौर्णिमेला मला अर्धा तास तबला सोलो वाजवायचा होता. तालमीला गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात स्वच्छ आहे. पण सुटं सुटं वाजतंय." मला ते लागलं. वहीत कायदे, रेले, गती, तुकडे भरपूर होते. पेशकार आधी, चक्रदार शेवटी, हा ठरलेला रस्ताही ठाऊक होता. पण मधल्या कायद्यांपैकी कुठला कशानंतर घ्यायचा, हे काही केल्या ठरत नव्हतं.

त्याच सुमारास एका मैत्रिणीकडे फोटोग्राफर दयानिता सिंग यांचा 'म्युझियम भवन' हा २०१७ चा फोटोपुस्तकांचा संच पाहायला मिळाला. तबला वाजवणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असतं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकत असताना त्या तबलावादक झाकीर हुसेन यांचे फोटो काढू लागल्या, दौऱ्यांवर त्यांच्यासोबत हिंडल्या. १९८६ मधलं त्यांचं पहिलं पुस्तक झाकीरभाईंवरच आहे, आणि त्या त्यांना आपले पहिले गुरू मानतात. मला खरं तर ते पुस्तक पाहायचं होतं. कामी आला तो हा संच.

एका डब्यात नऊ छोटी पुस्तकं, सगळी घडीची. मी यंत्रांच्या फोटोंचं पुस्तक सतरंजीवर उलगडलं. लांबच लांब पट्टी झाली. मैत्रिणीने मधली चार पानं दुमडली, तर लांबचे दोन फोटो शेजारी आले. पहिला फोटो तोच, पण आता मी त्यात वेगळंच काही बघत होते. त्या रात्री सोलोच्या क्रमाच्या विचाराने मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापले. एकेका पुठ्ठ्यावर एकेक बंदिश लिहिली आणि जमिनीवर मांडली. 'तिरकिट'चा कायदा आणि 'धातिरकिटतक'चा रेला यांच्यामध्ये माझे तीन कायदे असायचे. ते उचलले. आता कायद्याच्या शेवटच्या पलट्यातलं 'तिरकिट' दुगुनीत वाढवत नेलं की रेला तिथूनच निघायचा. गाळलेल्या तीनपैकी एक कायदा माझा फार लाडका. तो बाजूला ठेवताना जीव खालीवर झाला. लेहऱ्याला बसणारे काका म्हणाले, "आता मला कळतं, तू कुठे निघालीस ते." तिहाया मी दमदार घेतल्या. दोन पल्ल्यांमधली ती थांबण्याची जागा पूर्वी मला मोकळी वाटायची, तिची भीती वाटायची.

कार्यक्रमात अडचण आलीच. आधीची गाणी लांबली आणि मला वीसच मिनिटं मिळाली. एरवी मी लय चढवून सगळं कोंबलं असतं. पण पुठ्ठे पिशवीतच होते. विंगेत मांडून दोन काढले, उरलेल्यांचा सांधा पाहिला, काकांना क्रम सांगितला. सोलो एकसंध झाला. गुरुजी फक्त "बरं झालं" म्हणाले. ते सहसा तेवढंही म्हणत नाहीत.

पुस्तकं महाग आहेत, पण फोटोग्राफी शिकवणाऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात विचारून पाहा. पुठ्ठ्यांवर शाईने नाही, पेन्सिलीने लिहा, पलटे बदलत राहतात. आणि वेळ कितीही कापली तरी पेशकाराचा पुठ्ठा काढू नका.