रक्तात काय असते?

"ते रक्तातच असावं लागतं." हे वाक्य ऐकले नाही असे आई-बाप आपल्या वाचकांत थोडेच निघतील. मुलीने अकरावीला विज्ञान घेतले, की कुणीतरी हमखास बोलून दाखवतो. आमच्या वस्तीतल्या एका बाईला तर ते शाळेच्या कचेरीत ऐकून घ्यावे लागले. ती धुणीभांडी करून मुलीला शिकवते. काय उत्तर द्यायचे ते तिने आम्हाला विचारले. म्हणून रक्तात असते तरी काय, ते पाहू या. बेडकाच्या रक्तात पाहू, कारण तिथे उत्तर फार स्वच्छ मिळाले आहे.

बेडकाशी आमची ओळख जुनी. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, नागसेनवन उभे राहिले आणि आपली पोरे प्राणिशास्त्र शिकू लागली. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून उताणा ठेवलेला बेडूक पुष्कळांना आठवत असेल. (विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली ही कापाकापी थांबवायला सांगितली, ते बरे झाले.) सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या तांबड्या पेशी लांबट दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध केंद्रक असते. माणसाच्या तांबड्या पेशीत ते नसते.

इंग्लंडमधल्या जॉन गर्डन यांनी टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक काढले आणि ज्याचे स्वतःचे केंद्रक नष्ट केले आहे अशा अंड्यात घातले. त्यातल्या काही अंड्यांतून पोहणारे टॅडपोल तयार झाले. हे त्यांनी १९६२ साली छापले. नोबेल मिळाले २०१२ साली, पन्नास वर्षांनी! १९८६ साली अमेरिकेत हाच प्रयोग तांबड्या पेशींच्या केंद्रकांवर साधला. खाणारे-पिणारे टॅडपोल झाले. म्हणजे रक्ताच्या त्या पेशीत डोळा होता, काळीज होते, मेंदूही होता. सगळे होते, फक्त कुणी वाचले नव्हते.

मग वाचतो कोण?

वाचणारी प्रथिने असतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या अंड्यातून असे एक प्रथिन १९८० साली शुद्ध स्वरूपात मिळाले. त्याचे नाव टीएफ-थ्री-ए. १९८५ साली केंब्रिजच्या अॅरन क्लुग यांच्या गटाने त्याचा आकार ओळखला. त्याला ओळीने नऊ बोटे आहेत आणि प्रत्येक बोटात जस्ताचा एक अणू. आपल्या घरावरच्या पत्र्याला ज्याचा मुलामा असतो तेच जस्त. तो अणू काढला की बोट ढिले पडते, पकड सुटते. वाळूजच्या कारखान्यात काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: पान्याचा जबडा झिजला की नट फिरत नाही. ही बोटे डीएनएचा पीळ न उलगडता खाचेतून चाचपून अक्षरे ओळखतात, अंध माणूस ब्रेल वाचतो तशी. पहिली तीन बोटे मुख्यतः जनुक धरतात. मधली बोटे त्याच जनुकापासून बनलेला आरएनए धरून ठेवतात.

या जनुकाच्या बेडकात दोन प्रकारच्या प्रती असतात. दर संचात सुमारे २० हजार प्रती अंडे घडताना लागतात आणि सुमारे ४०० जन्मभर चालतात. दोन्हींच्या मजकुरात फरक अगदी थोड्या अक्षरांचा. अंड्यात टीएफ-थ्री-ए मुबलक असते, म्हणून दोन्ही प्रकार चालतात. पुढे गर्भात ते दर पेशीमागे फार थोडे उरते, तेव्हा २० हजार प्रती बंद पडत जातात आणि ४०० वर त्याची पकड टिकते. इतर प्रथिनेही यात असतात, पण आकार आणि पुरवठा ही मुख्य गोष्ट.

आणखी एक. पहिली १२ विभाजने होईपर्यंत, सुमारे ४ हजार पेशी होईपर्यंत, गर्भाची स्वतःची जनुके जवळजवळ गप्प असतात. तोवर सारे चालते ते आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर. हे ऐकून ती बाई हसली. "म्हणजे बेडकीण पण डबा देते," म्हणाली.

मात्र बेडकावरून माणसाच्या समाजाचा निवाडा करू नये. माणसामाणसांच्या जनुकांत फरक असतात. ते जातीच्या दाखल्यावर लिहिलेले नसतात, एवढेच. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि होऊ न दिलेले बाबासाहेबांचे १९३६ चे भाषण पाहावे. जात म्हणजे वंशशुद्धी हा दावा त्यांनी तिथेच खोडला आहे: एका प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. त्यासाठी त्यांना जस्ताची बोटे लागली नव्हती.

पहिला मोठा पाऊस झाला की साचलेल्या पाण्यात चिकट गोळ्यात काळे ठिपके दिसतात. ती बेडकाची अंडी. मुलांना घेऊन जावे आणि सकाळ-संध्याकाळ दाखवावीत. पाण्यातच पाहावीत, बाटलीत भरून घरी आणू नयेत.