कडवंचीची वाट आणि आपल्या गावाचा आराखडा



जालन्याहून सिंदखेडराजाकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा असेल. जिजाऊंच्या जन्मगावाला जाणारी माणसे याच वाटेने जातात. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात, तर थोडी वाट वाकडी करून कडवंची गाव पाहून या. जालना तालुक्यातले हे गाव द्राक्षबागांसाठी नावाजलेले आहे. पाहायला येणारे बहुतेक लोक बागा आणि शेततळी पाहतात आणि परत फिरतात. माझे सांगणे असे, की आपण आधी डोंगर चढावा व मग उतरत उतरत बागेकडे यावे. कडवंची समजून घ्यायची ती वरून खाली.

डोंगरउताराची जमीन हलकी, मुरमाड. एकेकाळी पाऊस पडला की पाणी माती घेऊन ओढ्याला लागे आणि उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसत. १९९६ ते २००२ या काळात इथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम झाले. पैसा जर्मनीच्या मदतीचा, नाबार्डमार्फत आलेला. काम गावाने केले आणि मार्गदर्शन जालन्याजवळच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने केले. या कार्यक्रमाच्या अटी साध्या पण कडक होत्या. लोकांनी श्रमदान करायचे, उपचार केलेल्या क्षेत्रात मोकळी चराई आणि झाडतोड बंद ठेवायची, आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यायचे.

आता डोंगरावर उभे राहून खाली पाहा. उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले हे सलग समतल चर. धावते पाणी त्यात अडते, माती खाली बसते, पाणी मुरते. त्याखाली घळींना घातलेले दगडी बांध. त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती, जादा पाणी काढून देण्यासाठी सांडव्यासह. सर्वांत शेवटी नाल्यावरचे बंधारे. वरचे काम न करता खाली बंधारा घातला असता, तर चार पावसाळ्यांत तो गाळाने भरला असता. हा क्रमच कडवंचीच्या कामाचा कणा आहे.

थोडा हिशेब करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तो दहा हजार लिटर होतो. कडवंचीच्या पाणलोटाचे क्षेत्र सुमारे १,८८८ हेक्टर. म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ १ कोटी ८९ लाख लिटर पाणी शिवारात उतरते. यातले किती मुरवायचे आणि किती वाहून जाऊ द्यायचे, हे पुष्कळसे माणसाच्या हाती आहे.

२०१२ साली जालना जिल्ह्यात पावसाने पाठ फिरवली. कित्येक गावांत मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, वर्षानुवर्षे जपलेली झाडे तोडून सरपणाला गेली. त्या वर्षी कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. आधी मुरवलेले पाणी आणि शेततळ्यांतला साठा यांच्यावर गावाने ते वर्ष काढले. आसपासच्या गावांनी शेततळ्याची हाव धरली ती तेव्हापासून.

इथे आपण जरा थांबले पाहिजे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. हे पाणी पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या ओढ्यातून घेतले, तर ती बचत झाली. पण तेच तळे कागद टाकून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले, तर भूगर्भातले सर्वांचे पाणी उपसून एकाच्या तळ्यात, उन्हात ठेवल्यासारखे होते. अशा भरलेल्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडाले, तर रोजचे सात हजार लिटर गेले, महिन्याचे दोन लाखांवर. आणि शेजारची उथळ विहीर आटते ती वेगळीच. ज्याच्याजवळ बोअरला पैसा नाही, त्याच्या घरच्या माउलीला मग हंडा घेऊन दूर जावे लागते.

शेततळे वाईट असे मी म्हणत नाही. वरचे काम झाल्यावर शेततळे शोभते, त्याआधी केले तर ते शेजाऱ्याशी ओढाताण ठरते.

आता आपल्या गावाकडे वळू. हवा बदलली आहे, हे आपणांस पुस्तकातून शिकायला नको. ऐन फुलोऱ्यात तीन-तीन आठवडे पावसाचा खंड पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी झोपवली, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पुराने पिकांबरोबर मातीही नेली. या बदलाला तोंड देण्यासाठी सरकारी पैसाही येऊ लागला आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, तो मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव येथील पाच हजारांवर गावांत. दुसऱ्या टप्प्यासाठी २१ जिल्ह्यांतील ७,२०१ गावे निवडली असून खर्च सुमारे ६,००० कोटी रुपये धरला आहे. सरासरी काढली तर गावाला ८० लाखांहून थोडे अधिक. ही देणगी नव्हे. यातला मोठा भाग कर्ज आहे आणि ते राज्याला, म्हणजे आपल्या मुलाबाळांना फेडायचे आहे.

या प्रकल्पात गावाची समिती असते, गावाचा आराखडा असतो, आणि आराखड्याआधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो. किती पाऊस पडतो, किती मुरतो, पिके किती पितात, याचा हिशेब. त्याची रीत बसवायला मुंबईच्या आय.आय.टी.चे साहाय्य झाले. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण शेतकऱ्यांमध्ये नोकरी करताना मी जे पाहत आलो, ते असे: ठिबक, तुषार, तळे, मोटार यांच्यासाठी अर्जांची रीघ लागते, आणि डोंगरावरच्या चरांचा विषय निघाला की ग्रामसभेतली माणसे उठू लागतात.

याचे कारणही समजून घ्यावे. चर खोदला जातो वरच्याच्या माळावर, आणि पाणी वाढते खालच्याच्या विहिरीत. ज्याला लाभ दिसत नाही, तो जमीन कशाला देईल? चराई बंद केली की ज्यांच्या चार शेळ्यांवर घर चालते, त्यांची पंचाईत होते. म्हणून आराखडा करतानाच वरच्या शेतकऱ्याला फळझाडे, बांधबंदिस्ती, गवताचा हक्क द्यावा. शेळीवाल्यांना बंद क्षेत्रातले गवत कापून नेण्याची मुभा आणि चाऱ्याची सोय द्यावी. हे झाले तरच बंदी टिकते.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला आपण घरातल्या बायकामाणसांसह जावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद कुठे लावला आहे? डोंगरावरचे काम पूर्ण झाले का, आणि जुने चर-बांध कोणी दुरुस्त केले? नवी तळी कोणत्या पाण्याने भरणार? आणि ज्यांना जमीन नाही वा बोअर नाही, त्यांच्या वाट्याला काय?

गावात समिती असेल, तर हे प्रश्न वहीत लिहवून घ्यावेत. गाव प्रकल्पात नसेल, तरी रोजगार हमीसारख्या योजनांतून माथ्यावरच्या कामाची मागणी करता येते. पैसा कोणत्याही नावाने आला, तरी तो आधी माथ्यावर खर्च व्हावा, मग शिवारात आणि शेवटी ज्याच्या त्याच्या शेतात. हा क्रम सांभाळणे साहेबांच्या हाती थोडे आणि ग्रामसभेच्या हाती जास्त आहे.