माळ्यावरचा झुंजार

ज्या लेखकाने हजाराहून अधिक पुस्तके लिहिली, आणि ज्याची निदान शंभर-सव्वाशे पुस्तके एके काळी आमच्या माळ्यावर होती, त्याचे एकही पुस्तक आज आमच्या घरात नाही, ही गोष्ट गेल्या पावसाळ्यात आमच्या ध्यानी आली व काही केल्या मनातून जाईना. नातवाने सहज विचारले होते, "आजोबा, तुमच्या लहानपणी थ्रिलर असायचे का?" आम्ही मोठ्या तोऱ्यात "झुंजार!" म्हणून कपाट उघडले. कपाटात हरिभाऊ होते, केतकर होते, फडके व खांडेकर शेजारी शेजारी निमूट बसले होते, झुंजार नव्हता. तो का नव्हता, हे आम्हांस पक्के ठाऊक होते.

नव्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. बाबूराव अर्नाळकर हे लेखनापुरते नाव. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, मृत्यू १९९६ चा. नव्वद वर्षांत हजार पुस्तके, म्हणजे पाळण्यात असल्यापासून लेखणी हाती धरली असती तरी महिन्यास जवळजवळ एक! झुंजार व त्याची विजया, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची मंडळी एका काळी घरोघर ओळखीची होती. इंग्रजी रहस्यकथांची सावली या कथांवर पुष्कळ आहे, योगायोगांचा सुकाळ आहे, आणि खलपुरुष पहिल्या भेटीतच आपले दात दाखवतो. हे सारे दोष आम्ही मान्य करतो. परंतु एक पान संपले की दुसरे उलटावयास लावणे ही विद्या भल्याभल्यांस साधत नाही, आणि तीनच इयत्ता शिकलेल्या माणसाकडून ते उलटवून घेणे तर त्याहून कठीण.

तीन इयत्ता शिकलेले ते माणूस म्हणजे आमची आई.

लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी केवळ सहलीपुरता पाहिला आहे त्यांस तेथील चार महिन्यांची कल्पना यावयाची नाही. जूनमध्ये धरलेली धार गणपतीपर्यंत सुटत नसे. धोतरे-लुगडी शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवावी लागत, मिठाचे पाणी होई, आणि चार वाजताच घरात कंदील लागे. वळवणच्या तलावाचे पाणी खाली खोपोलीस उतरून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवीत होते. आमच्या चाळीस मात्र १९५८ सालीही घासलेटाचाच आधार होता. या काळोखात आई वाचावयास शिकली. म्हणजे अक्षरे तिला येत होती, पण जोडाक्षर आले की गाडी घाटात चढावी तशी ती दम टाकी. आमचे एक मामा मालगाडीवर गार्ड होते. ते मुंबईहून येताना जुनी, कोपरे दुमडलेली अर्नाळकरांची पुस्तके आणीत. पहिले पुस्तक संपावयास तिला अख्खा श्रावण लागला. पुढच्या पावसाळ्यात ती आठवड्यास दोन संपवू लागली.

तिचे वाचन एकटीचे नसे. दुपारी चाळीतल्या बायका दळण-निवडण घेऊन आमच्या ओट्यावर जमत आणि आई त्यांस कथा सांगे. त्यांत कुरवंड्याकडून नवी सून म्हणून आलेली एक मावशी असे. तिला अक्षरओळख नव्हती, पण काळा पहाड कोणत्या प्रकरणी कोठे होता हे तिला आमच्यापेक्षा चांगले आठवे. वडील क्वचित म्हणत, "हे काय चालले आहे?" आई म्हणे, "एवढे पान होऊ द्या." आणि भात करपे.

पुढे आम्ही पुण्यास महाविद्यालयात गेलो व अभिरुची नावाची वस्तू बरोबर घेऊन परतलो. १९६७ च्या दिवाळीत दोन मित्र लोहगड चढावयास म्हणून आमच्याकडे उतरले होते. त्यांपैकी एकाने चुलीजवळचे पुस्तक उचलले, मुखपृष्ठावरील पिस्तूल पाहिले आणि हसून ते तसेच खाली ठेवले. बोलला काहीच नाही. तो काही बोलला असता तर बरे झाले असते असे आम्हांस आज वाटते. कदाचित आम्ही आईची बाजू घेतली असती. मित्र गेल्यावर आम्ही तिला चांगल्या वाङ्मयाविषयी एक लहानसे व्याख्यान दिले, आणि हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो!' तिच्या हाती ठेवली. माळ्यावरची पुस्तके आम्हीच रद्दीवाल्यास दिली. गठ्ठे बांधताना सुतळीच्या गाठीवर तिने बोट धरले होते.

हरिभाऊंची कादंबरी तिने आज्ञाधारकपणे उघडली. चार दिवसांनी फडताळात ठेवीत म्हणाली, "फार चांगली आहे रे. पण दिवसभर जे बघायचे तेच रात्री पुन्हा कशाला?" त्या वाक्यात त्या थोर कादंबरीचा केवढा मोठा गौरव होता, हे आमच्या अभिरुचीस त्या वेळी उमगले नाही. त्यानंतर आईने पुस्तक म्हणून हाती धरले नाही. पंचांग पाही, पत्रे वाची. तिने कधी तक्रार केली नाही, आणि ती १९८९ साली गेली.

नातवाच्या त्या प्रश्नानंतर आम्ही पुण्यास अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके विकणारांकडे तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेस एक प्रत मिळाली. मुखपृष्ठ नाही, नाव नाही, पण दुसऱ्याच पानावर झुंजार आपल्या ऐटीत उभा! लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसून वाचावयास घेतली. वडगाव केव्हा गेले, कामशेत केव्हा आले, काही कळले नाही. मळवली सुटली तेव्हा पेढीच्या मालकाचा खून कोणी केला हे उघडकीस येण्याच्या बेतात होते, आणि पुढचा सबंध फर्मा गळालेला!

कुरवंड्याच्या मावशी आता पंच्याऐंशीच्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या दारी गेलो, ओट्यावर बसलो आणि पेढी, तिजोरी, मध्यरात्रीची मोटार असे सांगू लागलो. त्यांनी हात वर करून आम्हांस थांबवले.

"मुनीम," त्या म्हणाल्या. "मुनीमच तो. वहिनींनी सांगितलं होतं. दोन दिवस माझं दळण राहिलं होतं त्यापायी."