हसायलाव की, सर

शिरूर अनंतपाळ तालुक्यात कागदावर हिसामाबाद आणि लोकांच्या तोंडी उजेड असं एक गाव आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथं यात्रा भरते ती महात्मा गांधींच्या नावानं. यात्रेला दैवत म्हणून गांधीबाबा मानणारा हा आमचा मुलूख. आमच्या भागात यात्रा-जत्रांतून कधी हास्यकविसंमेलन ठरतं आणि निवेदन माझ्याकडं येतं.

पहिल्या वेळी मी पाठ करून गेलो होतो. टीव्हीवरच्या निवेदकाची लकब, पुण्याची भाषा, दर दोन मिनिटांनी विनोद. थंडीत मफलर बांधून बसलेली माणसं नुसती बघत राहिली. शेवटी पुढून एक म्हातारबा बोलले, "सर, निवांत बोला की. आम्ही काय पळून जायलाव का?"

मंडप हसला. त्या रात्रीचं पहिलं खरं हसू त्यांचं होतं, माझं नव्हतं. मी कागद खिशात घातला आणि घरी बोलतो तसा बोलू लागलो. आमच्याकडं कुणी 'हसतोय' म्हणत नाही, 'हसायलाव' म्हणतात. लक्ष्मण देशपांड्यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या नाटकात ५२ माणसं एकट्यानं उभी केली, तीही याच मराठवाड्याच्या बोलीत, आणि ती सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. मला ते फार उशिरा उमगलं.

निवेदकानं सगळ्यात जास्त हशा मिळवायचा नसतो. माती भिजवून ठेवायची, पेरणी कवीनं करायची. वात्रटिकावाला आधी, नकला करणारा नंतर, गाऊन म्हणणारा शेवटी. बायकोवरचे विनोद मी सोडले. टाळी हमखास पडायची, पण ती उजव्या बाजूनं. डावीकडं पदर सावरून बसलेल्या बाया गप्प व्हायच्या आणि मग रात्रभर खुलायच्या नाहीत. अर्धा मंडप गमावून मिळालेली टाळी काय कामाची?

आणि हास्यसंमेलनातही एखादा कवी अचानक बापावरची कविता काढतो. सोयाबीन, पाऊस, सावकार, रिकामी खाट. कविता संपते, टाळी पडत नाही. इथं निवेदकाचा कस लागतो. घाईनं विनोद केला तर त्या बापाचा अपमान. भाष्य केलं तर कवितेचा. मी माइक खाली धरून उभा राहतो. कुणीतरी खाकरतं, एखादं लेकरू पाणी मागतं, सतरंजी हलते. मग फक्त पुढच्या कवीचं नाव घेतो. त्यानंतरचं हसू वेगळं असतं, डोळे पुसून आलेलं. त्या हसण्यासाठी मी कितीही लांब जाईन.

यात्रा भरवणाऱ्या मंडळींना दोन गोष्टी हात जोडून सांगायच्या आहेत. लाउडस्पीकर एरवी रात्री १० ला बंद करावा लागतो, म्हणून शाल-श्रीफळ आणि भाषणं ८ च्या आत उरका. आणि कार्यक्रम सुरू झाला की मंडपातले दिवे घालवू नका. मला लोकांचे चेहरे दिसले पाहिजेत.